घाटातला खेकडा, दिल्लीच्या रुळांवर

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीची गोष्ट मराठी घरात शाळेच्या वयातच कानावर पडते. 14 डबे, सुमारे 400 निमंत्रित, तोफांची सलामी, आणि गाडीच्या पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. पुढे या तिघांचं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. तिघांपैकी एकही आज शिल्लक नाही. इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या व्हल्कन फाउंड्रीने 1852 मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी आठ इंजिनं बांधली होती. त्यांतलीच ही तीन. त्या काळी इंजिनाची किंमत त्याच्या कामापुरतीच होती. काम संपलं, बॉयलर थकला, की ते टनाच्या भावाने भंगारात निघे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

नवी दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तिथल्या उघड्या मैदानात, रुळांच्या तुकड्यांवर उभ्या असलेल्या इंजिनांमधून हिंडताना ही हरवलेली तीन इंजिनं मनात ठेवावीत, असं मला वाटतं. कारण तिथलं प्रत्येक जुनं इंजिन भंगाराच्या वाटेवरून कसंबसं परत आलेलं आहे. कुणाला चबुतऱ्याने वाचवलं, कुणाला विस्मरणाने, कुणाला उतारवयात मिळालेल्या हलक्या कामाने.

‘फेअरी क्वीन’चंच पाहा. लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन या कारखान्याने 1855 मध्ये बांधलेलं हे छोटं इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेसाठी त्याच वर्षी कलकत्त्याला उतरलं. कंपनीच्या दप्तरी ते क्रमांक 22. हावडा ते राणीगंज या मार्गावर हलक्या टपालगाड्या ओढणं हे त्याचं काम. 1857 च्या उठावात त्याने सैन्याच्या गाड्याही ओढल्या, मग बिहारमध्ये नव्या मार्गाच्या बांधकामावर राबलं आणि 1909 मध्ये निवृत्त झालं. त्याच्याबरोबरीची इंजिनं वितळवली गेली, हे मात्र हावडा स्टेशनाबाहेर चबुतऱ्यावर चढलं. शोभेची वस्तू म्हणून तीसपेक्षा जास्त वर्षं ते तिथे उभं होतं. 1943 मध्ये त्याला उत्तर प्रदेशात चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण विद्यालयात हलवण्यात आलं. हे ठेवलंच पाहिजे असा निर्णय या सगळ्या प्रवासात कोणी घेतल्याचं दिसत नाही. फक्त मोडीत काढायचं राहून गेलं. आणि तेच इंजिन जुलै 1997 मध्ये पुन्हा वाफेवर मुख्य मार्गावर धावलं, दिल्ली-अलवर पर्यटक गाडी ओढू लागलं आणि 1998 मध्ये जगातलं सर्वांत जुनं चालू वाफेचं इंजिन म्हणून गिनेस बुकात नोंदलं गेलं. इतका मान मिळाल्यावर तरी ते सुखरूप राहावं, तर 2011 मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले. चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यात ते भाग नव्याने घडवावे लागले, तेव्हा डिसेंबर 2012 मध्ये ते पुन्हा धावलं.

देशात वाफेचं युग मावळू लागलं तेव्हा कुठे जपणुकीचा विचार सुरू झाला. या कामात एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं: मायकेल सॅटो. भारतात आयसीआय कंपनीत नोकरीला असलेला हा इंग्रज रेल्वेचा विलक्षण जाणकार होता. कुठल्या शेडच्या मागे, कुठल्या साखर कारखान्याच्या आवारात, कुठल्या संस्थानाच्या गोदामात कोणतं इंजिन गंजत पडलं आहे, हे तो हुडकत राहिला आणि पुढे रेल्वेने त्याला संग्रहालयासाठी सल्लागार म्हणून घेतलं. 7 ऑक्टोबर 1971 ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते संग्रहालयाची पायाभरणी झाली. त्याच सुमारास, 1972 मध्ये, चित्तरंजनच्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं इंजिन बाहेर पडलं. 1 फेब्रुवारी 1977 ला संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. जपायचं ठरलं तेव्हा बांधणं थांबतच आलेलं होतं, यातच उशीर किती झाला ते कळतं.

सॅटोंच्या शोधांपैकी सर्वांत नवलाचा शोध पतियाळ्याचा. 1907 मध्ये महाराजा भूपिंदर सिंग यांच्या संस्थानात कर्नल बोल्स या अभियंत्याने एकेरी रुळावरची रेल्वे उभारली. भार बहुतेक सगळा एका रुळावर, आणि तोल सांभाळायला बाजूच्या सडकेवरून धावणारं एक मोठं चाक. सरहिंद ते बस्सी अशा मार्गावर सुरुवातीला संस्थानाच्या खेचरांनी हे डबे ओढले, नंतर बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कारखान्याने खास या पद्धतीची चार इंजिनं बनवून पाठवली. मोटारी आल्या, सडका सुधारल्या आणि 1927 मध्ये हा प्रयोग बंद पडला. इंजिनं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात पडून राहिली. पस्तीस वर्षं ना कोणी त्यांना हात लावला, ना लिलावात काढलं. 1962 मध्ये सॅटोंना ती सापडली. त्यांपैकी एक अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त होऊन दिल्लीत आलं आणि आज संग्रहालयात स्वतःच्या वाफेवर चालून दाखवतं. सरकारी आवारातल्या अनास्थेवर आपण एरवी चिडतो, पण या एका बाबतीत त्या अनास्थेने आपल्यावर उपकार केले आहेत.

संग्रहालयातलंच ‘रामगोटी’ नावाचं इंजिन 1862 सालचं, फ्रान्समध्ये आंजुबो यांच्या कारखान्यात घडलेलं. बंगालमधल्या नलहाटी-अझीमगंज या चार फुटी मार्गासाठी ते आलं होतं. तो मार्ग रुंद झाल्यावर त्याला कलकत्ता महापालिकेकडे कचऱ्याच्या गाड्या ओढण्याचं काम मिळालं. त्या कामामुळेच ते टिकलं.

आता वळू या आपल्या घाटाकडे.

संग्रहालयाच्या मैदानात एक लांबलचक विजेचं इंजिन उभं आहे. मधोमध उंच खोकं आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेली लांब नाकाडं. नाव ‘सर लेस्ली विल्सन’. युरोपात या घडणीच्या इंजिनांना मगर म्हणतात. आपल्याकडे कल्याण, लोणावळा, इगतपुरीच्या रेल्वेवाल्यांनी त्याला खेकडा म्हटलं आणि हेच नाव टिकलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालू लागलं की त्याच्या जोडदांड्या सळसळत. हे इंजिन कशासाठी जन्मलं हे समजून घ्यायचं तर दिल्लीच्या सपाट जमिनीवरून निघून थेट कर्जतला यावं लागतं.

मुंबईची रेल्वे भोर घाटाच्या पायथ्याशी पोहोचली आणि अडली. वर पुण्याकडून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग जून 1858 मध्ये सुरू झाला, खालचा मार्गही तयार होता. मधला सह्याद्रीचा कडा मात्र उरला होता. प्रवासी खाली उतरत, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढत आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसत. ही अवस्था पाच वर्षं चालली. 1856 मध्ये काम सुरू झालं तेव्हा मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यासमोर सुमारे 1,800 फुटांची चढण होती. ती त्यांनी 15 मैलांहून थोड्या अधिक लांबीच्या मार्गात, 25 बोगदे खणून बसवली. सर्वांत अवघड ठिकाणी चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. सडकेवरच्या मोटारीला हे काहीच नाही. पण गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर चालवायचं आणि मागे शेकडो टन ओढायचे, तर हा चढ भयंकर आहे. एका जागी तर कडा इतका सरळ की वळायलाच वाव नव्हता. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी एका सपाट जिभेवर जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे.

पहिल्या कंत्राटदाराने काम अर्ध्यावर सोडलं. दुसरे, सॉलोमन ट्रेडवेल, 1859 मध्ये इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवलं, जाणकार व्यवस्थापक नेमले आणि काम तडीला नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, परक्या देशात, नवरा नुकताच गेलेला, आणि भारतातलं सर्वांत कठीण बांधकाम शिरावर. या बाईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं होतं. 1861 च्या सुमारास घाटात 40,000 हून अधिक मजूर होते. पटकीने, हिवतापाने, सुरुंगाने, कोसळत्या दरडीने त्यांतले हजारो गेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला सह्याद्रीतून जायची वाट दाखवली आणि त्याबद्दल त्याला प्राणाला मुकावं लागलं, अशी आख्यायिका आहे. इतिहासात तिला पुरावा नसेल. पण ज्यांच्या घामावर घाट उभा राहिला त्यांच्यासाठी लोकांनी स्वतःच उभारलेलं एवढं एकच स्मारक तिथे आहे आणि सडकेवरच्या गाड्या थांबवून लोक आजही तिथे नाणं वाहतात. बर्कलेही पूर्ण झालेला घाट पाहू शकले नाहीत. ऑगस्ट 1862 मध्ये ते वारले आणि 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचं उद्घाटन केलं. नाशिककडच्या थळ घाटातही चढ 37 ला 1 चाच. तो दोन वर्षांनी, 1865 मध्ये, इगतपुरीपर्यंत खुला झाला.

यानंतर साठ-सत्तर वर्षं हे दोन्ही घाट वाफेवर चालले. बोगद्यात कोंडलेला धूर, भट्टीसमोर भाजून निघणारा फायरमन, पावसात घसरणारी चाकं, आणि उतारावर तापून लाल होणारे ब्रेक. वर चढण्यापेक्षा खाली उतरण्याचीच रेल्वेवाल्यांना जास्त धास्ती असे. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग काढलेली आहेत. उतारावर ठरावीक जागी सांधे नेहमी बाजूच्या चढत्या आडमार्गाकडे वळवून ठेवायचे. गाडी तिथे नियमाप्रमाणे थांबली, ड्रायव्हरच्या ताब्यात आहे याची खात्री पटली, तरच सांधे मुख्य मार्गाला लावायचे. ताबा सुटलेली गाडी आपोआप आडमार्गावर चढून थांबावी, ही त्यामागची युक्ती. आजही ती पाळली जाते.

3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गे देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. तिचं उद्घाटन करणारे मुंबईचे गव्हर्नर म्हणजेच सर लेस्ली विल्सन. जीआयपीचं खरं लक्ष घाटांवर होतं. कोळसा शेकडो मैलांवरून आणायचा आणि तो घाटात जाळून टाकायचा, हा हिशेब कंपनीला परवडत नव्हता. कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा पॉवर हाउस उभं राहिलं. 1930 पर्यंत कल्याणहून एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या. त्याच कामात भोर घाटाचा मार्ग थोडा बदलून 1929 मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन कायमचं बंद करण्यात आलं.

आणि या तारांखाली मालगाड्या ओढायला खेकडे आले, एकूण 41. पहिली दहा इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर शहरातल्या कारखान्याने बांधली. आल्प्समधल्या गोठार्ड घाटासाठी मगरी घडवणारा हा तोच कारखाना. उरलेली 31 बांधली व्हल्कन फाउंड्रीने. साहिब, सिंध, सुलतान जिथे घडले त्याच कारखान्यात पाऊणशे वर्षांनी घाटाचे हे मजूर घडले. पहिल्या तिघांची खूण आपल्याकडे उरली नाही, तेव्हा निदान त्यांच्या या धाकट्या भावंडांकडे तरी लक्ष द्यायला हवं.

खेकड्याची घडण त्याच्या कामातून आली आहे. घाटाच्या वळणात सरळ, ताठ इंजिन अडकतं, म्हणून अंग तीन भागांत विभागलं. मधलं खोकं दोन बोगींवर टेकलेलं, आणि नाकाडं बोगींबरोबर वळणारी. एकेका बोगीवर दोन मोटरी. त्यांची शक्ती दातेरी चक्रांतून एका आडव्या दांड्यावर आणि तिथून जोडदांड्यांनी तीन जोडी चाकांवर जाई. एक जोडी घसरू लागली तरी बाकीच्या तिला धरून ठेवत. चारही मोटरी मिळून सुमारे 2,600 अश्वशक्ती. वेगाची हौस या इंजिनाला नव्हती, ताशी 80 किलोमीटरला त्याची मजल संपे. उतारावर त्याचं खरं कौतुक होई. मालगाडी घेऊन उतरताना मोटरी उलट काम करत, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करत आणि ती वरच्या तारेत परत सोडत. उतरणाऱ्या गाडीचं वजन चढणाऱ्या गाडीच्या कामी येई आणि ब्रेकवरचा ताणही हलका होई. आज नव्या गाड्यांच्या जाहिरातीत मिरवलं जाणारं हे तंत्र आपल्या घाटात 1920 च्या दशकाच्या अखेरीस रुजलं होतं.

याच मैदानात खेकड्याचं शहरी भावंडही आहे, ‘सर रॉजर लमली’. हे प्रवासी गाड्यांचं वेगवान इंजिन. याच वर्गातल्या इंजिनांनी 1 जून 1930 ला सुरू झालेली डेक्कन क्वीन ओढली. पुण्याच्या कितीतरी पिढ्यांना त्या गाडीचा लळा लागलेला आहे, आणि तो लळा योग्यच आहे. पण डेक्कन क्वीनच्या मागे-पुढे, वेळापत्रकात नाव नसलेल्या मालगाड्या घाटावर चढवत मुंबईचं पोट ज्याने भरलं, त्या खेकड्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मला विचाराल तर दोघांमधलं मोठं इंजिन खेकडाच.

1970 च्या दशकात चित्तरंजनची नवी इंजिनं घाटात आली आणि खेकडे हळूहळू यार्डात शंटिंगला लागले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते काम करत होते. साठ वर्षांहून जास्त सेवा. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही एक खेकडा ठेवलेला आहे. ज्यांना दिल्ली दूर पडते त्यांनी तो जरूर पाहावा.

माथेरानच्या छोट्या गाडीची इंजिनंही अशीच विखुरली. 1907 मध्ये ओरेनस्टाइन अँड कोप्पेलकडून आलेल्या चौघांपैकी एक दिल्लीच्या संग्रहालयात, एक नेरळला, एक माथेरानवर, आणि एक थेट इंग्लंडात. नॅरोगेजचा जीव असलेल्या विदर्भात मात्र 2002 मध्ये नागपूरच्या मोतीबागेत वेगळं संग्रहालय झालं. ज्या मुलखातली इंजिनं त्याच मुलखात पाहायला मिळण्याचं सुख तिथे आहे.

दिल्लीच्या खेकड्यासमोर उभं राहिल्यावर एक उणीव मला फार बोचते. सपाट रुळावर उभं असलेलं हे इंजिन पाहून घाट कळत नाही. शेजारी 37 ला 1 चा चढ दाखवणारा रुळाचा एक तुकडा कलता करून ठेवला, कॅच सायडिंगचा छोटा नमुना मांडला, एवढ्याने शाळेतल्या पोराला सगळं समजेल. संग्रहालयाने लोखंड जपलं, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण इंजिन चालवणं ही विद्या लोखंडात राहत नाही, ती माणसांच्या हातात असते. कर्जतला मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागलं की पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरने शिट्ट्यांवर एकमेकांशी कसं बोलायचं, ओल्या रुळावर चाक घसरतंय हे आवाजावरून कसं ओळखायचं, उतारावर वीज परत सोडताना कुठल्या वळणावर हात आवरायचा, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. ज्या डीसी प्रवाहावर हे सगळं चाललं, तोही आता नाही. ज्या हार्बर मार्गावर 1925 मध्ये तो सुरू झाला, त्याच हार्बर मार्गावर एप्रिल 2016 मध्ये मुंबईतला त्याचा शेवटचा टप्पा बंद झाला.

घाटात खेकडा चालवलेले ड्रायव्हर, त्यांचे असिस्टंट, शेडमधले फिटर आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत, लोणावळ्यात, इगतपुरीत, कसाऱ्यात, पुण्यात ते तुमच्या-आमच्या शेजारी राहतात. तुमच्या घरात, नात्यात, चाळीत असा एखादा माणूस असेल तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, प्रश्न विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या आणि लिहून काढा. साहिब, सिंध आणि सुलतान चालवणाऱ्यांचा एकही शब्द आपल्याकडे उरलेला नाही. खेकड्याच्या माणसांकडून तो मिळवायला अजून थोडी वर्षं हातात आहेत.